कोपराखालचे नियम आणि कोपरावरचे

हरियाणा सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारी दवाखान्यांसाठी पोशाखाचा आदेश काढला. जीन्स नको, टी-शर्ट नको, पलाझो नको, पाठ उघडी टाकणारे टॉप नकोत, मेकअप आणि चित्रविचित्र केशरचना नको, भारी दागिने नकोत. पुरुषांचे केस कॉलरच्या खाली जायला नकोत. आणि हो, नखंही वाढवायची नाहीत. नियम मोडला तर त्या दिवसाची गैरहजेरी. या लांबलचक यादीत पेशंटच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी फार तर दोन, नखं आणि हातातले दागिने. बाकी सगळं लोकांच्या नजरेसाठी.

यंदा माझी भाची पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिने कॉलेजची सूचना व्हॉट्सॲपवर पाठवली तेव्हा मला हरियाणाच आठवलं. कुर्ता गुडघ्याखाली हवा. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावलेली हवी. लेगिंग्जला बंदी. एप्रन पूर्ण बाह्यांचा, वर्गात, लॅबमध्ये आणि वॉर्डातही. शनिवारी घरचे कपडे चालायचे, तेही बंद. मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ सक्तीचं, कारण पल्स मोजायची असते. खाली भाचीचा प्रश्न, "मावशी, तुझ्याकडच्या मुली काय घालतात गं?"

मी इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या एका विद्यापीठात नर्सिंगच्या स्किल्स लॅबमध्ये शिकवते. त्याआधी माझं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, महाराष्ट्रातच झालं, पांढऱ्या कॅपसकट. तिच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की वर्गात वाटेल ते घालतात. हुडी, फाटकी जीन्स, जांभळे केस, नाकात रिंग, डोक्यावर हिजाब. सकाळी नऊच्या लेक्चरला एखादी रात्रीच्या पायजम्यात आलेलीही मी पाहिली आहे. (आवडलं नाही. पण नापसंती हा काही नियम नव्हे.) तीच मुलगी दुपारी लॅबच्या दारात येते तेव्हा तिच्या अंगात विद्यापीठाचं नाव असलेला अर्ध्या बाह्यांचा ट्युनिक असतो, गडद निळी पँट, बंद बूट, केस कॉलरच्या वर बांधलेले. आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत काहीही नाही. घड्याळ नाही, देवाचा दोरा नाही, नेलपॉलिश नाही. वेळ बघायला छातीशी उलटं टांगलेलं छोटं घड्याळ. जेलची नखं लावून आली तर मी तिला परत पाठवते, आणि यात मला अजिबात दयामाया नाही. समोर पेशंटऐवजी डमी असली तरीही नाही, कारण हाताला सवय लॅबमध्येच लागते.

कोपराखाली काही नको, हा नियम फार जुना नाही. सप्टेंबर २००७ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री अ‍ॅलन जॉन्सन यांनी तो जाहीर केला आणि २००८ च्या जानेवारीपासून इंग्लंडच्या सरकारी हॉस्पिटलांत तो लागू झाला. औषधांना न जुमानणारा एमआरएसए आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूंनी तेव्हा इथले पेपर भरून जात होते. सरकारला काहीतरी दिसेल असं करायचं होतं. गंमत म्हणजे त्याच सुमारास सरकारने करवून घेतलेल्या आढाव्यात युनिफॉर्ममुळे संसर्ग पसरतो याचा ठोस पुरावा मिळाला नव्हता. म्हणजे इंग्रजांचा नियम तेवढा विज्ञानाचा आणि आपला तेवढा संस्कारांचा, अशी सोपी वाटणी करता येत नाही.

तरीही मी त्या नियमाच्या बाजूने आहे. पहिल्याच आठवड्यात मी मुलांच्या हाताला एक लोशन लावायला देते, मग नेहमीसारखे हात धुवायला सांगते आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायला लावते. जिथे पाणी आणि साबण पोचले नाहीत तिथे लोशन चमकतं. अंगठ्याची मुळं, बोटांच्या बेचक्या, नखांची कड. ज्यांनी मुद्दाम घड्याळ ठेवून धुतले त्यांच्या मनगटावर चमकणारा पट्टाच उमटतो. हे एकदा पाहिल्यावर कुणी माझ्याशी वाद घातलेला नाही. आता भाचीच्या कॉलेजची सूचना परत वाचा. पूर्ण बाह्यांचा एप्रन आणि मनगटी घड्याळ, दोन्ही सक्तीचं. हात नीट धुता येणार नाहीत याची लेखी व्यवस्था!

आपल्याकडे यावर चर्चा झालीच नाही असं नाही. जून २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या सात विद्यार्थिनींनी ऑपरेशन थिएटरमध्ये लांब बाह्यांची जॅकेटं आणि हिजाबसारखं डोकं झाकणारी हूड वापरू द्या, असं पत्र प्राचार्यांना दिलं. त्या एमबीबीएसच्या होत्या, पण प्रश्न नर्सिंगच्या मुलींनाही तितकाच लागू. शस्त्रक्रियेआधी हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, असं उत्तर त्यांना मिळालं. ते बरोबरच होतं. पण मग गदारोळ झाला तो धर्मावर, आणि डोकं आणि बाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यात हरवून गेलं. इथे इंग्लंडमध्ये ते वेगळे काढले गेले. २०१० च्या सरकारी सूचनेत धर्मासाठी हात झाकणाऱ्यांना वापरून टाकायच्या बाह्यांची वाट ठेवली. शिखांचं कडं वर सरकवून घट्ट बसवलं तर चालतं. डिसेंबर २०१९ मध्ये डर्बीच्या रॉयल हॉस्पिटलने थिएटरसाठी निर्जंतुक, एकदाच वापरायचे हिजाब आणले. कुणी कोर्टात न जाता.

मात्र या समंजसपणातही एक मेख आहे. कोपराखाली काही नको म्हणणाऱ्या नियमातून एकच दागिना सुटतो, साधी लग्नाची अंगठी. हाताच्या स्वच्छतेच्या दृष्टीने अंगठी काही बांगडीपेक्षा पवित्र नाही, तिच्या कडेलाही ते लोशन चमकतं. पण अंगठी इथल्या लोकांची, बांगडी आमची. नव्याने लग्न झालेल्या एका गुजराती मुलीला चुडा उतरवायला सांगताना मला हे बोचलं होतं. तिने काही न बोलता उतरवला. शेजारची अंगठीवाली हात धुऊन मोकळी झाली होती.

पोशाखाच्या वादात कुणीच न विचारणारी गोष्ट म्हणजे धुणं. इथल्या मार्गदर्शनात युनिफॉर्म ६० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धुवावा, म्हणजे बहुतेक जंतू जातात, असं म्हटलेलं आहे. मुलांना तीन-चार ट्युनिक मिळतात आणि धुणं घरच्या मशीनमध्ये होतं. त्या मशीनवरही डोळे झाकून विसंबू नये. लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये सहा घरगुती मशीनं तपासली, तेव्हा झटपट धुण्याच्या सायकलवर त्यातली निम्मी जंतू मारायला अपुरी पडली. मग भाचीच्या होस्टेलचं काय बोलावं? दोन युनिफॉर्म. एक अंगावर, एक दोरीवर. बादलीत थंड पाणी, निरमा, वर नीळ. पावसाळ्यात दुसरा वाळत नाही म्हणून पहिलाच परत चढवायचा, आणि तोच अंगावर घेऊन सर्जिकल वॉर्डातून मेसला, मेसमधून वर्गात, वर्गातून पलंगावर. आमच्या वेळीही हेच होतं. खळ घातलेला युनिफॉर्म कडक आणि पांढराशुभ्र दिसला की मॅडम खूश. स्वच्छ म्हणजे चुन्यासारखा पांढरा, एवढीच आमची व्याख्या होती.

म्हणून मी भाचीला लिहिलं की लेगिंग्जसाठी भांडण्यात शक्ती घालवू नका. प्रतिनिधीला पुढे करून तीन गोष्टी मागा. एप्रनच्या बाह्या कोपराच्या वर, होस्टेलला गरम पाण्याचं एक मशीन, आणि हॉस्पिटलमध्ये कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली. खोली मिळाली की वर्गात काय घालायचं हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण मग वॉर्डातला युनिफॉर्म वर्गात यायचं कारणच उरत नाही. ओढणीचं पुढे बघू. डमीवर कॅथेटर घालताना ती निर्जंतुक ट्रेमध्ये लोंबली की मॅडमच ती काढायला लावतील.

तिचं उत्तर आलं आणि मी अडकले. बाह्या आणि मशीन तिला पटलं, खोली नाही पटली. संध्याकाळच्या ड्युटीनंतर त्या एसटीने होस्टेलला परततात. युनिफॉर्म असला की कंडक्टर पुढे बसवतो, कुणी अंगचटीला येत नाही, म्हातारी माणसं "सिस्टर, बीपीची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची का" असं विचारतात. घरच्या कपड्यात त्याच बसमध्ये ती फक्त एक मुलगी असते. शिवाय वर्गात बागायतदाराची मुलगी आणि ऊसतोड कामगाराची मुलगी शेजारी बसतात, त्यांना युनिफॉर्म नको म्हणून कोण सांगणार, असंही तिने विचारलं. इथे युनिफॉर्मवर बसने जाऊ नका असं आम्ही मुलांना सांगतो, ते बघणाऱ्या लोकांना बरं वाटत नाही म्हणून. माझ्या मुलांना ती सोय परवडते. भाचीला मी आता एवढंच कळवलंय की बसचा युनिफॉर्म वेगळा आणि वॉर्डातला वेगळा ठेवता येतो, म्हणजे दोनाऐवजी चार शिवावे लागतील, आणि त्यांचे पैसे कॉलेजकडे मागावेत. त्या ओळीवर तिने हसण्याच्या इमोजी पाठवल्या आहेत.