मोर कुठे आहे?

शाळेकडून पालकांसाठी फॉर्म आला. आमच्या काळी प्रगतिपुस्तक यायचं आणि त्यावर वडिलांची सही लागायची. ती कशी मिळवायची, किंवा वेळ पडल्यास कशी ठोकायची, यातच आमचा निम्मा सर्वांगीण विकास उरकायचा. आता 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलंय आणि त्यामागून समग्र प्रगती पत्रक. त्यात शिक्षक मुलाला जोखतात, मूल स्वतःला जोखतं, शेजारच्या बाकावरचं मूल त्याला जोखतं आणि उरलंसुरलं आपण जोखायचं. याला 360 अंशांचं मूल्यमापन म्हणतात. जत्रेतल्या पाळण्यातही एवढंच गरगर फिरवतात, फक्त उतरल्यावर भेळ मिळते.

प्रश्न चौथा : 'आपले पाल्य आपले विचार स्वतःच्या शब्दांत मांडते का?'

मी 'नेहमी'वर खूण करणार, तेवढ्यात समोर ओवीची मराठीची वही उघडी दिसली. ओवी सातवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण सरकारनं 2020 साली कायदा करून मराठी सगळ्याच शाळांत सक्तीचं केल्यामुळे आमच्या घरात महिन्याला एक निबंध पडतो. या महिन्याचा विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. पहिलंच वाक्य होतं, 'वर्षाऋतूचे आगमन होताच अवघी सृष्टी चैतन्याने न्हाऊन निघते.'

"ओवी, हे तू लिहिलंस?"

"हो."

"सृष्टी म्हणजे काय?"

"बी विंगमधली?"

पुढची चौकशी फार वेळ चालली नाही. निबंध यंत्रानं लिहिला होता, हिनं फक्त सुवाच्य अक्षरात उतरवला होता. "मी त्याला सांगितलं ना, सातवीतल्या मुलीनं लिहिल्यासारखं लिही आणि दोन वेलांट्या चुकव." वेलांट्या चुकल्या होत्या. नेमक्या दोन. मी आधी पोरीच्या हुशारीनं थोडा फुगलो आणि मग हादरलो.

चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ते 30 नोव्हेंबर 2022 ला. तेव्हा ओवी चौथीत होती आणि 'बाबा हे का, बाबा ते का' करत माझ्या मागे मागे फिरायची. त्यानंतर हळूहळू तिनं मला काही विचारणंच सोडलं. मला वाटत होतं, पोरगी समजूतदार झाली.

त्याच संध्याकाळी मी घरात बंदी जाहीर केली. बायको लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "खुशाल घाल. तिसरीपासून एआय शिकवायचं चाललंय आणि तू सातवीतलीला बंदी घाल." पण मला शिस्तीचा झटका आला होता. ओवीला समोर बसवून म्हटलं, "हे बघ, त्या यंत्राला पाऊस माहीत नाही, मोर माहीत नाही. त्यानं माणसांनी लिहिलेलं ढीगभर वाचलंय. एका शब्दापुढे दुसरा कुठला येण्याची शक्यता जास्त, एवढाच अंदाज ते बांधत जातं. समजा, मी म्हटलं 'निसर्गाच्या'..."

"सान्निध्यात!" स्वयंपाकघरातून आवाज आला. आई गवार मोडत बसली होती.

"आई, मी तिला विचारतोय. हं, 'पक्ष्यांचा'..."

"किलबिलाट."

"'आसमंत'..."

"दुमदुमून गेला."

"'मोर'..."

"थुईथुई. पुढे 'नाचू लागला' घे."

ओवीनं माझ्याकडे बघितलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाबा, आजी पण एआय आहे?"

आई एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निबंध ती फळ्यावर लिहून द्यायची आणि पन्नास मुलं तो उतरवून घ्यायची. वीज नाही, इंटरनेट नाही, एका खडूवर चालायचं. आणि मी तिचाच मुलगा. दहावीला '21 अपेक्षित' उशाशी घेऊन झोपायचो. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' असं तोंडपाठ केलं होतं की झोपेतसुद्धा मी फाटकं पुस्तक म्हणून बोलायचो. माझ्या बाकावरच्या मित्राचं पुस्तकही तसंच फाटलं होतं, तेही एका गरीब पण होतकरू विद्यार्थ्याकडून रद्दीवाल्याकडे गेलं होतं आणि शेवटी 'तेवढ्यात मला जाग आली' म्हणून मोकळं झालं होतं. वर्गातली सगळी पुस्तकं एकाच आवाजात रडली. आम्हाला कुणी यंत्र म्हटलं नाही. गुणी मुलं म्हटलं.

अर्थात हे ओवीला सांगितलं नाही. बापानं सगळंच कबूल करायचं नसतं.

निबंधाला लगाम लावून भागणार नव्हतं, तिला अष्टपैलू करायचं होतं. म्हणून बुद्धिबळाचा क्लास. ती म्हणाली, "कॉम्प्युटरनं 1997 लाच कास्पारोव्हला हरवलंय, मग मी कशाला शिकू?" मी नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण दिलं, 2025 ला महिलांचा विश्वचषक जिंकला म्हणून. "ती पण कॉम्प्युटरवरच सराव करत असेल," ओवी म्हणाली. याला उत्तर नव्हतं. मग पाढे. पाढ्यांसाठी आई तयारच होती. तिला अजून दिडकी, अडीचकी, औटकी येते, म्हणजे दीडचा, अडीचचा आणि साडेतीनचा पाढा. "औट चोक चौदा," आई म्हणाली. ओवीनं कॅल्क्युलेटरवर तपासून बघितलं आणि म्हणाली, "बरोबर आलं हं, आजी." आई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

फॉर्मच्या शेवटी 'पाल्याविषयी पन्नास शब्दांत लिहा' असं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आपल्याच मुलीबद्दल पन्नास शब्द, पण पेन हलेना. शेवटी दिवा मालवून, पांघरुणात मोबाइल धरून, मी यंत्राला विचारलं. 'ओवी ही जिज्ञासू, संवेदनशील व सहकार्याची वृत्ती असणारी मुलगी आहे.' छान उतरलं. सकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका बाबांनी चुकून आपला मजकूर टाकला होता. त्यांचा मुलगाही जिज्ञासू, संवेदनशील व सहकार्याची वृत्ती असणारा होता. खाली सात जणांनी अंगठे दिले होते. त्या अंगठ्यांत मला चोरटेपणा दिसला. आठवा माझा.

मधल्या काळात ओवीनं निबंध खरंच स्वतः लिहिला. दार लावून, दीड तास. तो असा :

'त्या दिवशी खूप पाऊस पडला. खडकवासल्यातून पाणी सोडलं म्हणून भिडे पूल बंद झाला. बाबा म्हणाला, दरवर्षीचंच आहे. मग आमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं आणि बाबाची स्कूटर अर्धी बुडाली. बाबा सेक्रेटरीकाकांना जे म्हणाला ते वहीत लिहायचं नाही असं आई म्हणाली. आजी पाचव्या मजल्यावरून ओरडून सांगत होती, चोक ओढ, चोक ओढ. आजीला स्कूटर चालवता येत नाही. संध्याकाळी पाणी गेलं. पार्किंगमध्ये एक चप्पल राहिली. ती कुणाचीच नव्हती. ती अजून तिथेच आहे.'

मी तीनदा वाचला. ती चप्पल मी रोज बघतो. स्कूटर काढताना तिला वळसा घालतो, पण ती कुणाचीच नाही हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

वही परत आली. दहापैकी चार. खाली लाल शाईत शेरा : 'सृष्टीसौंदर्याचे वर्णन नाही. मोर कुठे आहे?'

मी आईकडे दाद मागितली. चष्मा लावून तिनं निबंध वाचला, 'चोक ओढ'ला खोकला लागेपर्यंत हसली आणि वही मिटून म्हणाली, "बाईंचं बरोबर आहे. पावसाळा म्हटल्यावर मोर हवाच."

"आई, पार्किंगमध्ये मोर कुठून आणायचा?"

"तू आणला होतास की सातवीत. तेव्हा आपण मंगळवार पेठेत राहत होतो."

ओवीनं काही वाद घातला नाही. बाईंनी सांगितलं होतं तसा निबंध पुन्हा लिहून नेला. सगळा तोच, फक्त शेवट वाढवलेला : 'संध्याकाळी पाणी गेलं. पार्किंगमध्ये एक चप्पल राहिली. तिच्याशेजारी सेक्रेटरीकाकांच्या गाडीच्या टपावर एक मोर थुईथुई नाचू लागला. सेक्रेटरीकाका म्हणाले, हा कुठल्या फ्लॅटचा आहे?'

सात मिळाले.