व्हॅक्युम क्लीनरला घाबरतो का?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या चांगलीच जुंपली आहे. निमित्त माझ्या भाचीच्या मुलाचं. बडोद्यात कारेलीबागेतल्या त्याच्या प्लेग्रुपने सगळ्या आईबापांना एक इंग्रजी प्रश्नावली वाटली: भरून आणा, मुलात ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, लक्षणं आहेत का ते कळेल. आप्पाकाका म्हणतात, "ही सगळी परदेशी थेरं. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाप चार वर्षांचा होईस्तोवर तोंड उघडत नव्हता." त्यांच्या सुनेचं नेमकं उलट. लवकर कळलं तर लवकर उपाय, मग शाळांनी सगळ्यांचीच तपासणी सक्तीने का करू नये? मी लेस्टरला राहते म्हणून दोन्ही बाजूंनी मला पंच नेमलं.

तर इकडचं ऐका. इंग्लंडमध्ये मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांची आरोग्यसेविका, त्याचा एकूण विकास बघते, त्यासाठी पालकांकडून एक प्रश्नावली भरून घेतात. पण खास ऑटिझमसाठी सरसकट सगळ्या मुलांना चाळणी (स्क्रीनिंग) लावा, अशी शिफारस ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने केलेली नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र १८ आणि २४ महिन्यांना ती लावाच म्हणते. तेव्हा आप्पाकाका, "परदेशी" म्हणून एकच एक मत असतं हेच आधी खोटं. आणि सूनबाई, इकडे शंका लवकर आली तरी पुढे काय? मुलाला तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी (रेफरल) आल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी अशी मार्गदर्शक सूचना आहे. प्रत्यक्षात मुलं-मोठी मिळून दोन लाखांवर माणसं इंग्लंडात त्या रांगेत ताटकळत आहेत.

भाचीने त्या कागदाचा फोटो पाठवला. पाहते तर ती एम-चॅट निघाली, वीस प्रश्नांची, जगभर चालणारी. वाईट मुळीच नाही. पण ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी बेतलेली आहे आणि आमचं पोरगं आहे तीन वर्षांचं! शिवाय ती दोन टप्प्यांत चालते. तीन ते सात उत्तरं शंकेची आली तर त्या-त्या प्रश्नावर पालकांशी पुन्हा बोलून खात्री करायची असते. हा दुसरा टप्पा प्लेग्रुपने गाळूनच टाकला. एका प्रश्नात विचारलंय की रोजच्या आवाजांनी मूल अस्वस्थ होतं का, आणि पहिलंच उदाहरण दिलंय व्हॅक्युम क्लीनरचं. भाचीच्या घरी तो नाहीच, म्हणून तिने "नाही" लिहिलं. कुकरच्या शिटीला किंवा उत्तरायणात गच्चीवरच्या स्पीकरला कानावर हात ठेवून पळतो का, असं विचारलं असतं तर ती क्षणभर थांबली असती.

आकड्यांचाही एक घोळ आहे. साधारण शंभरात एक मूल ऑटिस्टिक असतं, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना पूर्वी देत असे; हिशेबापुरता तोच धरू. समजा चाचणी चांगली आहे, दहातली नऊ मुलं पकडते आणि बाकीच्यांतल्या फक्त पाच टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. हजार मुलांत ऑटिस्टिक दहा, त्यातली नऊ सापडली. उरलेल्या ९९० पैकी सुमारे पन्नास फुकट अडकली. म्हणजे शाळेतून "शंका आहे" असा निरोप ज्या घरी जाईल, त्यातल्या बहुतेक घरचं मूल ऑटिस्टिक नसेलच. हे समजावून सांगणारं माणूस नसेल तर ती आई रात्ररात्र जागणार.

मला खरी गंमत वाटते ती वेगळीच. हा वाद बडोद्यात व्हावा! महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक आणि सहकाऱ्यांनी बाळांचा विकास मोजणारी अमेरिकन बेली मापनश्रेणी बडोद्यातल्याच बाळांवर वापरून बघितली आणि १९७०च्या सुमारास इथल्या मुलांचे स्वतःचे मापदंड मांडले. त्यातूनच पुढे ५४ बाबींची बडोदा चाळणी चाचणी झाली, ती १९९१मध्ये प्रसिद्ध झाली. तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी त्याच मापदंडांतून १७ बाबी निवडून एका पानावर बसवल्या. पानावर आडव्या मांडलेल्या महिन्यांत मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या डावीकडचं काही जमत नसेल तर पुढे पाठवायचं. पाच-सात मिनिटांचं काम, अंगणवाडीतल्या बाईलाही जमणारं.

अर्थात ती विकासातली दिरंगाई पकडते, ऑटिझम नव्हे. वेळेवर चालणारं मूलही ऑटिस्टिक असू शकतं. त्यासाठी आपल्याकडे इन्क्लेन या संशोधन संस्थेने निदानाचं साधन तयार केलंय, शिवाय अपंगत्वाच्या दाखल्यासाठी चाळीस बाबींची भारतीय मापनश्रेणी आहे. देशातल्या पाच ठिकाणच्या इन्क्लेनच्या २०१८च्या अभ्यासात सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत मज्जाविकासाचा कुठला ना कुठला विकार आढळला, त्यात ऐकू कमी येणंही धरलेलं. म्हणून "थेरं" म्हणून झटकणं मला पटत नाही. पण सक्तीही नको. जो प्लेग्रुप कागद वाटतो, त्याने मूल पुढे कुणाकडे पाठवायचं तेही त्याच कागदावर छापावं, आणि प्रश्न मराठी-गुजरातीत आणावेत. सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून अशा मुलांच्या तपासणी-उपचारासाठी जिल्हा केंद्रांची सोय सांगितली आहे. तिथे थेरपिस्ट किती हजर असतात, यावर ग्रुपवर भांडा की!

भाचीने शेवटी मला एकटीलाच लिहिलं, "मावशी, कागदाचं जाऊ दे. त्याला काही हवं असलं की तो बोट दाखवत नाही, माझा हात धरून तिथे नेतो." ही खूण कुठल्याही बेरजेपेक्षा मोलाची आहे. घरात मराठी आणि बाहेर गुजराती म्हणून असं होत नाही, हेही तिला सांगितलं. आधी त्याचे कान तपासून घे, मग विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना तो हात धरून नेतो त्याचा व्हिडिओ काढून ने. सोमवारी कानांची तपासणी आहे. आप्पाकाका सोबत जाणार आहेत, कुरकुरत का होईना.