दर चुकला तर बदलता येतो (कालच्या कमेंटला उत्तर)

सिंगापूरमध्ये गर्दीच्या वेळी रस्ता वापरायचे पैसे घेतात आणि गर्दी बघून दर बदलतात. त्यावरच्या माझ्या पोस्टखाली एका वाचकाने लिहिलंय, ‘एका गाडीमुळे बाकीच्यांचं किती नुकसान होतं हे रुपयांत कोणालाच माहीत नाही, मग दर काय हवेत ठरवणार? एसीत बसून अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी जरा रस्त्यावर उतरावं.’ शिवाय गरिबांचं काय, आणि मी लिहिलं तशी 1975 ला इलेक्ट्रॉनिक वसुली नव्हती, हेही.

1975ची चूक मान्य. तेव्हा काचेवर कागदी परवाना लावायचे, गॅन्ट्री, म्हणजे आपोआप पैसे कापणारी रस्त्यावरची कमान, 1998 पासून. दुरुस्त केलंय, आभार.

पण एसी कशाला काढलात? माझं लहानपण वडिलांच्या टेम्पोत गेलंय, मंडईतनं माल भरून निघालो की स्वारगेटपर्यंत इंजिनच्या उष्णतेने पाय भाजायचे. पुढे सिंगापूरला 4 वर्षं माल पोचवणाऱ्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसलोय. गॅन्ट्रीखालून गेलं की गाडीत बसवलेल्या डबीतनं बीप, कार्डातले पैसे गेले. आमचा ड्रायव्हर घड्याळ बघून आधीच गाडी हळू करायचा, थोड्या वेळात दर उतरणार म्हणून, आणि मागचे हॉर्न मारत बसायचे. एका डॉलरसाठी माणूस वेळ बदलतो हे मी शेजारच्या सीटवरून पाहिलंय, त्यामुळे मला रस्त्यावर उतरायला सांगू नका, प्लीज. असं बोलायची काही गरज नव्हती.

आता नुकसानीचा आकडा. तो शोधत सिंगापूरवाले बसलेच नाहीत, त्यांनी वेग ठरवला: एक्स्प्रेसवेवर ताशी 45 ते 65 किमी, शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर 20 ते 30. वेग पडला की दर चढवायचा, गाड्या फारच सुसाट जायला लागल्या की उतरवायचा. बॉमोल आणि ओट्स या अर्थतज्ज्ञांनी 1971 मध्ये हेच मांडलं होतं, की नुकसानीची नेमकी किंमत कळत नसेल तर किती नुकसान चालेल ते आधी ठरवा आणि तिथे पोचेपर्यंत दर हलवत राहा. कोणाचं काम किती अर्जंट हेही सरकारला विचारावं लागत नाही, ज्याचं त्याला ठाऊक असतं आणि दर बघून तोच ठरवतो. दर चुकला तर पुढच्या मोजणीनंतर बदलतो, उड्डाणपूल चुकला तर काय होतं ते पुण्यात विद्यापीठ चौकात 2020 ला पाहिलंच आपण, पाडावा लागला.

गरिबांचं म्हणाल तर ते बसमध्ये असतात आणि कोंडी सुटली की बसच आधी पोचते. त्यावर वेगळं लिहीन.

तुमच्या मते लक्ष्मी रोडवर संध्याकाळी किती वेग हवा ते सांगा, त्यावर बोलू. माझ्या एसीवर नको.