म्युलर ‘मूला’तून उगवला नाही

जर्मनचा पहिला वर्ग सुरू झाला की पंधरा दिवसांत कोणीतरी तो मेसेज मला पाठवतंच. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच. जर्मनीतलं सर्वांत जास्त लोकांचं आडनाव म्युलर हे संस्कृत ‘मूल’ (म्हणजे मूळ) शब्दावरून आलं, खुद्द ऋग्वेदाचा जर्मन अभ्यासक मॅक्स म्युलर सही करताना ‘मोक्षमूलर’ लिहायचा. नंतर कुणीतरी हुशारीने जोडलेलं शेपूट: म्युलर म्हणजे गिरणीवाला, जर्मनीत गिरणीवालेच सगळ्यात जास्त होते आणि गावात त्यांना मोठा मान होता, म्हणून आज जिकडेतिकडे म्युलर, आणि ते सगळे एकाच धंद्याच्या कुळातले. ‘मूल’ आणि ‘गिरणीवाला’ दोन्ही एकदम कसं खरं असेल, हे पुढे ढकलणाऱ्यांना पडलेलं कोडं नाही.

आधी मोक्षमूलर. हे नाव त्याने लिहिलं, यात खोटं काही नाही. ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीवर त्याने संस्कृतात स्वतःला ‘मोक्षमूलरभट्ट’ म्हणवून घेतलं. पण त्याच ठिकाणी जर्मनीला ‘शार्मण्यदेश’ आणि ऑक्सफर्डला ‘गोतीर्थ’ केलेलं आहे. ऑक्स म्हणजे बैल, फोर्ड म्हणजे नदीचा उतार, म्हणून गोतीर्थ. पंडिताने मजेत केलेली ही कोटी. मोक्षमूलर वाचून म्युलर संस्कृत ठरवायचा असेल, तर त्याच न्यायाने ऑक्सफर्डची स्थापनाही आपल्याच कुठल्यातरी ऋषींकडे जाते. (हाही मेसेज येईल, थांबा.)

शब्दाची खरी वाट रोममधून जाते. लॅटिनमध्ये ‘मोलेरे’ म्हणजे दळणे, ‘मोलिना’ म्हणजे गिरणी, ‘मोलिनारिउस’ म्हणजे गिरणीवाला. पाण्यावर फिरणारी गिरणी जर्मन टोळ्यांनी रोमनांकडून घेतली आणि यंत्राबरोबर शब्दही आला. प्राचीन जर्मनमध्ये तो ‘मुलिनारी’ झाला, मध्ययुगात ‘म्युल्नेरे’, आणि मधला ‘न’ झिजून म्युलर. इटलीतले मोलिनारी, फ्रान्समधले मॉनिए, हंगेरीतले मोल्नार हे याच कामाचे भाऊबंद.

गंमत पुढे आहे. ही गिरणी यायच्या आधी जर्मन बायका घरी जात्यावरच दळत होत्या आणि त्या जात्याला त्यांचा स्वतःचा शब्द होता. जर्मनची जुनी बहीण गॉथिक, तिच्यात ‘क्वैर्नुस’, जुन्या जर्मनमध्ये ‘क्विर्न’. हा शब्द मात्र खरोखर संस्कृतचा नातेवाईक आहे: ऋग्वेदात सोम कुटायच्या दगडाला ‘ग्रावन्’ म्हणतात, ते आणि हे एकाच मुळाचे. म्हणजे संस्कृतशी सख्खं नातं सांगणारा शब्द होता, आणि म्युलरच्या घराण्याने, म्हणजे गिरणीच्या शब्दाने, त्यालाच बाजूला सारलं. मेसेज लिहिणाऱ्याला अभिमानच बाळगायचा होता तर हाताशी खरी गोष्ट होती.

आता ‘गिरणीवाले सगळ्यात जास्त होते’. उलट आहे. मध्ययुगीन खेड्यात जवळजवळ सगळे शेतकरी, गिरणीवाला एक. बाराव्या शतकापासून आधी ऱ्हाइनकाठच्या आणि दक्षिणेकडच्या शहरांत आडनावं लागू लागली, ती लागली ओळख पटावी म्हणून. एका गावात हान्स नावाचे आठ जण असतील आणि त्यातले सात नांगर धरत असतील, तर ‘शेतकरी हान्स’ म्हणून कोणाचा पत्ता लागणार? ‘गिरणीवरचा हान्स’ म्हटलं की लागतो. गावागावात एकेकटा होता म्हणूनच हे नाव देशभर झालं. आपल्याकडे गावात कुणबी शंभर आणि कुलकर्णी एक, तरी आज कुलकर्णी किती आहेत ते पाहा. शेतकरी म्हणजे ‘बाउअर’ हे आडनाव जर्मनीत आहे, भरपूर आहे, पण म्युलरच्या खूप मागे.

‘जिकडेतिकडे’चंही माप घ्यायला हवं. २००५च्या टेलिफोन नोंदींवरून जर्मन आडनावांचे जे नकाशे तयार झाले, त्यांत म्युलर नावाच्या जोडण्या अडीच लाखांहून थोड्या जास्त निघाल्या. पहिला क्रमांक खरा, पण एकूण जोडण्यांच्या एक टक्क्याच्याही आत. शंभर जर्मनांच्या खोलीत एखादा म्युलर भेटेल, न भेटेल. दुसरा येतो श्मिट, म्हणजे लोहार. श्मिट, श्मिट्स, श्मीड अशी त्याची सगळी रूपं एकत्र मोजली तर म्युलरचं पहिलेपणही डळमळायला लागतं. म्युलरचीही रूपं आहेत म्हणा: उत्तरेकडे म्योलर, बव्हेरियाच्या स्वाबियन भागात मिलर, आणि लॅटिन शिकलेल्यांनी मिरवायला घेतलेलं मोलिटर. स्वित्झर्लंडमध्येही म्युलरच पहिला. सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेलात की पहिलं आडनाव ग्रूबर, आणि ते धंद्यावरून नाहीच. खळग्यात, खोलगट जागेत राहणारा तो ग्रूबर.

मानाचं म्हणाल तर मला इथे हसूच येतं. गिरणीवाला पैसेवाला असू शकत होता, पण त्याच्यावर विश्वास कोणाचाच नव्हता. दळणाची मजुरी तो धान्यातूनच काढून घ्यायचा, आणि माप त्याच्या हातात. त्यात अनेक ठिकाणी जमीनदाराचा हुकूम असे की दळण अमुक गिरणीवरच न्यायचं. म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं आणि तोलणारा मोकळा. जर्मनीत एक जुना विनोद आहे: करकोचा गिरणीवर घरटं का बांधत नाही? गिरणीवाला अंडी चोरेल म्हणून. विनोदावरच भागलं नाही. अनेक शहरांत कारागिरांचे संघ गिरणीवाल्याच्या मुलाला उमेदवार म्हणूनही घेत नसत, त्याचा धंदा ‘अप्रतिष्ठित’ म्हणून. १५४८ साली पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्यांच्या, कायद्याला स्पष्ट लिहावं लागलं की विणकर, मेंढपाळ, न्हावी, गिरणीवाले यांच्या मुलांना संघातून वगळू नये. मान असता तर असं कलम कशाला लागलं असतं?

राहिलं एक कूळ. हजारो गिरण्यांवर हजारो वेळा स्वतंत्रपणे पडलेलं नाव आहे हे. दोन म्युलर नातेवाईक असण्याची शक्यता दोन पाटलांइतकीच. शिवाय मूळ म्युलर गिरणीचा मालकच असेल असंही नाही; तिथला गडी असेल, भाडेकरू असेल. बोहेमियातून, म्हणजे चेक प्रदेशातून, आलेला एखादा म्लिनार्झ (चेकमध्ये गिरणीवाला) भाषांतर होऊन म्युलर झाला असेल, आणि अमेरिकेला गेलेले कितीतरी म्युलर उतरल्यावर मिलर झाले. प्रशिया या जर्मन राज्यात १८१२मध्ये ज्यूंना कायमचं आडनाव घेणं सक्तीचं झालं. त्या वेळी घेतलेल्या नावाचा आणि वाडवडिलांच्या धंद्याचा संबंध असेलच असं नाही.

आणि आडनाव एकदा चिकटलं की धंदा सुटतो. १९७४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा विजयी गोल मारणारा गेर्ड म्युलर तरुणपणी विणकाम शिकत होता. विणकर म्हणजे ‘वेबर’. तेही तिथलं पहिल्या पाचातलं आडनाव, पण त्याचं नाही.

खुद्द मॅक्स म्युलरचं घर घ्या. वडील विल्हेल्म म्युलर, डेसाऊचे कवी. बर्लिनमधल्या एका घरी तरुण मंडळी गाण्यांचं नाटुकलं करत होती, त्यात गिरणीवरच्या पोराची भूमिका विल्हेल्मकडे आली ती निव्वळ आडनावामुळे. त्या खेळातून त्याने गिरणीवरच्या पोराच्या प्रेमाच्या कवितांची माळ लिहिली आणि १८२३मध्ये संगीतकार शूबर्टने तिला चाली लावल्या. जर्मन गाण्यांतला सर्वांत लाडका गिरणीवाला या म्युलरने दिला. त्याचे वडील, म्हणजे मॅक्सचे आजोबा, शिंपी होते. जर्मनमध्ये शिंपी म्हणजे ‘श्नायडर’.

त्याच १८२३ साली डिसेंबरात मॅक्स जन्मला. पूर्ण नाव फ्रीडरिश मॅक्स म्युलर. पुढे त्याला वाटलं की नुसतं म्युलर फारच सरसकट आहे, त्याने कोणाची ओळख पटत नाही. म्हणून त्याने मधलं ‘मॅक्स’ आडनावात ओढून घेतलं. तेव्हा पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनाच्या पाटीवर नाव आणि आडनाव लिहिलंय असं समजू नका. ते पूर्णच्या पूर्ण आडनाव आहे.