सेशन म्हणजे अडगळीची खोली नव्हे!

बस झालं आता! काल रात्री साडेअकराला नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसातून निघतच होतो, तेवढ्यात फोन: "दादा, सगळे युजर लॉगआउट होऊन राहिले." पुन्हा तेच! उघडून पाहतो तर एचटीटीपी सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर प्रत्येक युजरसाठी मेमरीत राखून ठेवतो त्या जागेत, हजारो ओळींचा अख्खा रिपोर्ट कोंबलेला. काहून? पुढच्या पानावर फक्त एक आयडी न्यायचा होता म्हणून! शंभर लोकांनी तो रिपोर्ट उघडला की मेमरी भरणार नाही तर काय होईल? सर्व्हर आडवा, लोक बाहेर.

कुकीचं, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीचं, तर विचारूच नका. एका कुकीत जेमतेम ४ केबी मावतं, आणि तिथे युजरचा रोल लिहून ठेवलाय, साध्या अक्षरांत! ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून कोणीही 'युजर'चं 'ॲडमिन' करेल, एवढं सुचत नाही?

वेब डॉट एक्सएमएल या जावा ॲपच्या सेटिंग फाइलमधला सेशन टाइमआउट (किती वेळ काहीच न केल्यास सेशन संपतं) मिनिटांत असतो, कुकीचं आयुष्य ठरवणारा सेटमॅक्सएज सेकंदांत. दोन्हीकडे ३० लिहून मोकळे! अर्ध्या मिनिटात कुकी मरते आणि झोपमोड माझी.

आणि लॉगआउटवर सेशन इनव्हॅलिडेट, म्हणजे रद्द, कोण करणार? एकाच काउंटरच्या संगणकावर चार जण बसतात. मागच्याची माहिती पुढच्याला दिसते. लोकांची माहिती आहे रे ती!