डोक्याला मार लागला तर १० मिनिटं बसवून परत खेळवा? नाही हो!

नवी मुंबईतल्या रग्बीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की टॅकलमध्ये (समोरच्याला पकडून पाडताना) डोक्याला लागलं पण पोरगा बेशुद्ध पडला नाही तर १० मिनिटं बसवा, चेक करा आणि परत आत पाठवा, टीव्हीवर पण तसंच करतात. हे चुकीचं आहे आणि धोक्याचं आहे.

टीव्हीवर दिसतं ती टेस्ट फक्त मोठ्या लेव्हलच्या मॅचसाठी आहे, तिथे ट्रेनिंग घेतलेले डॉक्टर असतात, व्हिडिओ रिप्ले असतो. आपल्या खारघर-नेरूळच्या मैदानावर बर्फाची पिशवी आणि स्प्रे, बास. अशा मॅचला वर्ल्ड रग्बीचा (रग्बीची जागतिक संघटना) नियम सरळ आहे, कन्कशनची, म्हणजे मार लागून मेंदूला धक्का बसल्याची, नुसती शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. स्वतः डॉक्टर असलेले पालक म्हणाले तरी नाही.

आणि बेशुद्धीचं म्हणाल तर कन्कशन झालेले बहुतेक जण बेशुद्ध पडतच नाहीत. स्कोअर विचारला की गोंधळतो, उठताना तोल जातो, तोच तोच प्रश्न परत विचारतो, एवढं पुरे आहे. उलट्या, वाढती डोकेदुखी, हातापायाला मुंग्या किंवा मान दुखतेय असं काही असेल तर लगेच १०८ लावा, आणि मान दुखत असेल तर प्लीज त्याला उचलून बाजूला नेऊ नका, मॅच थांबली तर थांबू दे.