उभ्या अँटेनामुळे पाऊस पळतो म्हणे!

आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. वर लाल रंगाचे इशारे, खाली "सर्व शेतकरी बांधवांना कळकळीची विनंती". सार एवढंच: घरी हॅम रेडिओचा (परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या बिनतारी संचाचा) उभा अँटेना लावणारे लोक लहरी सोडून ढग पळवतात, तो खांब गावावर वीज ओढून आणतो, त्याच्या किरणांनी कॅन्सर होतो आणि संत्र्याची फळगळ होते, डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळते, शिवाय हे लोक तुमचे फोन ऐकतात. शेवटी आदेश: असा खांब दिसला की काढायला लावा.

मी स्वतः हॅम आहे, हसून सोडून दिलं असतं. पण हे मोठ्या आईपर्यंत पोचलं आणि तिचा फोन आला: "काहून रे बावा, तुह्या त्या खांबानं पाणी नाही येऊन रायलं म्हणतेत. काढून टाक ना." पेरण्या झाल्यात, पावसानं दडी मारलीय, दुबार पेरणीची धास्ती घरोघरी आहे. अशा दिवसांत कुणाच्या तरी अंगणाकडे बोट दाखवलं की लोकांना पटतं. म्हणून ढगांचंच आधी घेतो.

माझा खांब म्हणजे दहा मीटरची फायबरची काठी आणि तिच्यालगत वर गेलेली तांब्याची तार. दहाच मीटर का, तर सात मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ४२ मीटर आणि उभ्या अँटेनाला तिचा पाव हिस्सा लागतो. बुडाशी काळ्या मातीत चहूबाजूंनी तारा पुरल्यात, कारण अँटेनाचा उरलेला अर्धा भाग ती जमीनच असते. माझा परवाना रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या ग्रेडचा आहे, शॉर्टवेव्हवर ५० वॅटची मर्यादा. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाहूनही कमी शक्ती, तीही बोलत असतानाच. आणि ढगाचा तळ कितीही खाली आला तरी शेकडो मीटर वर.

आता नागपूरला जाऊ. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली ती नागपूरच्या १००० किलोवॅटच्या मध्यम लहरींच्या प्रक्षेपकावरून, १५६६ किलोहर्ट्झवर. हजार किलोवॅट म्हणजे दहा लाख वॅट, माझ्या सेटच्या वीस हजारपट. मध्यम लहरींचे ते उंच मनोरे म्हणजेसुद्धा उभे अँटेनाच. ही वाहिनी रात्रभर चालायची, वर्षानुवर्षं चालली. लहरींनी ढग पळत असते तर त्या काळात नागपुरात छत्री विकली गेली नसती. आणि त्याच नागपुरात हवामान खात्याचं डॉपलर रडार आहे. त्याचं कामच मुळी ढगांवर लहरी सोडायच्या आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजायचा. लहर लागताच ढग पळाला असता तर रडारवाल्यांना दिसलं काय असतं?

पाऊस अडतो त्याची कारणं आमच्या अंगणापासून फार लांब आहेत. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकलं की विदर्भाला चांगलं पाणी मिळतं. मान्सूनचा आस, म्हणजे त्याचा कमी दाबाचा लांब पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारत कोरडा राहतो. ही उघाड रेडिओचा शोध लागायच्या आधीपासून पडतेय. पश्चिम महाराष्ट्रात पवनचक्क्यांवरही हाच आळ आला होता. तिथे निदान पाती तरी फिरत होती! माझी काठी नुसती उभी आहे.

विजेच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजानं कबूल करतो. उंच, एकट्या वस्तूवर वीज पडण्याची शक्यता जास्त असते. पण खांब कुठून तरी ढग बोलावून आणत नाही. वीज खाली येताना अगदी शेवटच्या टप्प्यात आसपासचं ठिकाण निवडते. वीजसंरक्षणाचं मानक अशा वस्तूचा प्रभाव उंचीच्या साधारण तिप्पट अंतरापर्यंत धरतं, म्हणजे माझ्या खांबाचा ३० मीटर. गावाचं काय घेऊन बसलात, माझ्या आवाराबाहेरसुद्धा तो धड पोचत नाही. शेजारचा कडुलिंब त्याहून उंच आहे, त्याच्यावर कुणी मेसेज काढलेला नाही.

धोका आहे तो माझ्या घराला. अँटेनावर वीज पडली तर केबलमधून आत येते. म्हणून बुडाशी अर्थिंग हवं, केबलवर अरेस्टर (विजेचा लोंढा जमिनीत वळवणारं साधन) हवा, आणि आभाळ गडगडायच्या आधी केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवायला हवी. थेट वीज पडली तर नुसत्या अरेस्टरच्या भरवशावर राहू नये. हे न करणाऱ्या हॅमला खुशाल शिव्या द्या. पण त्या मजकुरामुळे लोकांना वाटायला लागतं की खांब काढला म्हणजे गाव सुरक्षित, ही बाब मला सगळ्यात जास्त खटकते. आपल्याकडे माणसं मरतात ती वावरात आणि झाडाखाली आडोशाला उभी राहून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फुकट आहे, जवळपास वीज पडत असली की इशारा देतं. फॉरवर्ड करायचंच असेल तर ते करा.

कॅन्सरबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२बी' गटात टाकलं, एवढं खरं आहे. त्या गटाचा अर्थ "शक्यता नाकारता येत नाही, पुरावा अपुरा". कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. सात मेगाहर्ट्झच्या लहरीत रेणू तोडायची ताकद नसते, ती जवळून फक्त गरम करू शकते. हां, सेट चालू असताना तारेला हात लावला तर चटका बसतो, म्हणून बुडाभोवती कुंपण घालायचं, पोरं आणि बकऱ्या दोन्हींसाठी. फळगळीचं म्हणाल तर ती बुरशीनं होते, किडीनं होते, झाडाला ताण बसला की होते. वरुड-मोर्शीच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा.

डीपी! पाच एचपीचा एक पंप ३.७ किलोवॅट खातो. एकेका डीपीवर असे किती पंप आहेत ते मोजा आणि मग माझ्या सेटकडे बघा.

फोन ऐकण्याचा आरोप तर उलटाच आहे. मोबाईलच्या लहरी वेगळ्या, शेकडो मेगाहर्ट्झच्या पुढच्या, आणि कूटबद्ध. आम्हाला मात्र कायद्यानं साध्या, सगळ्यांना कळेल अशा भाषेत बोलावं लागतं, परीक्षा देऊन दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी शाखेकडून परवाना आणि कॉलसाइन (ज्याचं त्याचं ओळखचिन्ह) घ्यावं लागतं, आणि प्रत्येक संभाषणात ते सांगावं लागतं. असा कसला हेर? बिनपरवाना वॉकी-टॉकी ऑनलाइन मागवून मिरवणारे आहेत, त्यांची तक्रार जरूर करा.

टीव्हीत खरखर येते ही तक्रार मजकुरात नाही, पण कधीकधी ती खरी असते. वायरवर फेराइटचं (चुंबकी पदार्थाचं) कडं बसवून बहुतेक वेळा भागतं. आणि आपल्या वावरातलं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं) माझ्या सेटवर रात्रभर टक-टक करतं. मी कुणाला ते काढायला सांगितलेलं नाही, रानडुकरं मलाही माहीत आहेत.

खरा जीवघेणा धोका तर त्या मजकुरात नावालाही नाही: ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार. खांब उभा करताना हातातून सुटून तारेवर गेला की धरणारा वाचत नाही. त्यामुळे तार खांबाच्या उंचीहून चांगलीच लांब हवी, कुठल्याही बाजूला पडला तरी पोचणार नाही एवढी. आमच्याकडच्या लोंबत्या तारा बघता मी दीडपट अंतर धरलं, आणि त्यापायी गोठ्यामागची चांगली मोकळी जागा सोडून खांब विहिरीच्या बाजूला लावला.